मधलं काही गाळू नकोस

९ जानेवारी

आई,

फोन लावला की दादा उचलतो, "देतो हं" म्हणतो, मग मागे भांड्यांचा आवाज येतो आणि तो सांगतो की तू कामात आहेस. तू कामात असतेस हे मला माहीत आहे. पण इतक्या महिन्यांत एकदाही रिकामी नव्हतीस असं कसं होईल? म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला कुणी 'कामात आहे' असं सांगू शकत नाही.

तुझ्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही, म्हणजे हे दादाच वाचणार. तेव्हा दादा, आधी दोन शब्द तुला. सावकाश वाच. लहानपणी तू मला गोष्ट वाचून दाखवायचास तेव्हा तुला झोप आली की मधली पानं उडवायचास, आणि राक्षस एकदम मेलेलाच असायचा. तसं करू नकोस. मधलं काही गाळू नकोस.

आई, तू मला शेवटचं जे बोललीस ते माझ्या लक्षात आहे. "घरातली पहिली शिकलेली, आणि शिकून पहिलं काम काय केलं, तर घर फोडलं." वहिनी चिमणीला कडेवर घेऊन माझ्या खोलीवर आली तेव्हा मी दार उघडलं. मी केलं ते एवढंच. तिच्या ओठातून रक्त येत होतं. त्यावरून आपलं भांडून झालं आहे, पुन्हा नको. ती आणि चिमणी आता कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. दादा, हे तुला कितीदा सांगितलं. अजून विचारलंस तरी उत्तर बदलणार नाही.

आता चांगली बातमी. मला नोकरी लागली. मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या विभागात समुपदेशक म्हणून. माझी खोली पूर्वी मोडके पाळणे ठेवायची होती. एक पाळणा अजून आहे, त्यात मी माझा डबा आणि छत्री ठेवते. दोन खुर्च्या, अर्धी रंगवलेली खिडकी आणि घट्ट लागणारं दार. ते दार फार महत्त्वाचं आहे, का ते पुढच्या पत्रात सांगते.

काम असं की, खोकला, ताप, लस, काहीही असो, मूल घेऊन आलेल्या प्रत्येक आईशी मी ती एकटी असताना बोलते आणि तिला विचारते की नवरा मारतो का, त्याची भीती वाटते का. प्रत्येकीला म्हणजे प्रत्येकीला. चेहऱ्यावरून ठरवायचं नाही. आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, बाई स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही, अंगात ताप असला तरी स्वयंपाक उरकते. पण मुलाला शिंक आली की धावत येते. मग तिला गाठायचं कुठे? इथेच.

दादा शाळा सोडून बाबांच्या दुकानात वेल्डिंगला उभा राहिला, म्हणून मी या खुर्चीवर बसले आहे. हे मी एक दिवसही विसरत नाही. म्हणूनच काही गोष्टी लिहिताना हात जड होतो.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

आई,

दादाचा मेसेज आला. "वाचलं. ती काही बोलली नाही." चला, म्हणजे तू उठून गेली नाहीस. तेवढं मला पुरे आहे.

दाराचं सांगायचं राहिलं होतं. आमच्या कामात सगळ्यात अवघड काय असेल, तर बाईला एकटं गाठणं. विचारायचं तर काही क्षणांत होतं, पण ते क्षण कुठून आणायचे? नवरा सोबत असतो, सासू सोबत असते, आणि मूल बोलायला लागलेलं असेल तर तेही असतं. मुलांसमोर विचारायचंच नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका चार वर्षांच्या पोरीसमोर विचारलं, तेव्हा तिच्या आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. नुसती खूण केली नाही, खरंच हात ठेवला. मुलं घरी जाऊन सगळं सांगतात.

मग डॉक्टरबाईंनी मला त्यांची युक्ती शिकवली. तान्ही आणि लहान मुलं वजनाच्या काट्यावर स्थिर राहत नाहीत. म्हणून मोठ्या माणसाने मुलाला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, आणि फरक काढायचा. तो मोठा काटा आमच्याकडे मुद्दाम पार टोकाला, औषधांच्या खिडकीपलीकडे ठेवला आहे. मी बाबालोकांना म्हणते, "बाळाला घेऊन काट्यापाशी जाऊन या, आईंना मी तोवर खाण्यापिण्याचं विचारते." बाबा खूश होतात, काहीतरी यंत्राचं काम मिळालं म्हणून. आजी असेल तर तिला पाठवते. ते गेले की मी दार लावते.

काहीजणी हसतात. "छे हो, आमचे हे तर झुरळालाही मारत नाहीत." त्यावर मी म्हणते, झुरळाचं राहू द्या, तुमचं सांगा. काहीजणी रागावतात. आणि काहीजणी नुसतं दार नीट लागलं आहे ना ते वळून बघतात. वळून बघितलं की मी माझी खुर्ची जवळ ओढते.

कुणाचं नावगाव मी सांगत नाही, तो आमचा नियम आहे. पण काम मला आवडतं, आई. तू लहानपणी म्हणायचीस ना, ही पोरगी नको तिथे नको ते विचारते. आता त्याचा पगार मिळतो.

मावशीचा फोन आला होता. म्हणाली, तुझं मनगट सुजलं आहे, न्हाणीघरात पाय घसरला. गरम पाण्याने शेक. जपून राहा.

धाकटी


१ मार्च

आई,

आजचं पत्र जरा लांब आहे. दादा, बसून वाच.

मागच्या महिन्यात एक आजी यायच्या, सून आणि नातू घेऊन. नातवाचा कान वाहायचा. या आजी सुनेला सोडायच्याच नाहीत. मी प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर त्या द्यायच्या. तिच्या पदराला चिकटून बसायच्या. मी मनात त्यांना 'पहारा' असं नाव ठेवलं होतं. दर खेपेला त्यांना नातवासोबत काट्याकडे धाडायचे आणि सुनेला विचारायचे. सून म्हणायची, "माझं बरं आहे, ताई." मला वाटायचं, घाबरते आहे बिचारी, सासूचा धाक केवढा आहे.

गेल्या खेपेला मी आजींना म्हटलं, काट्यापाशी जाऊन या. तर त्या उठल्याच नाहीत. सुनेला म्हणाल्या, "आज तू जा त्याला घेऊन. माझे गुडघे दुखतात." सून गेली. मी दार लावायलाही उठले नाही, त्यांनीच हात लांब करून लावलं. मग म्हणाल्या, "सगळ्यांना विचारतेस. मला कधी विचारणार? मी पण कुणाची तरी आईच आहे ना."

मी काय करावं? आमचा प्रश्न पाठ होता, 'नवरा तुम्हाला मारतो का?' त्यांचा नवरा जाऊन किती वर्षं झाली.  मग त्यांनीच सांगितलं. मुलगा. सुनेवर हात उचलत नाही, ती माहेरी जाईल म्हणून. सून शेजारी असली की तो आईलाही काही करत नाही. म्हणून त्या तिला चिकटून असायच्या. मी ज्याला पहारा म्हणत होते, तो आसरा होता, आणि दर खेपेला मीच त्यांना त्यातून उठवून पाठवत होते.

मी विचारलं, ही गोष्ट कुणाला सांगितली तर चालेल का. त्या म्हणाल्या, नाव सोडून सगळं सांग. म्हणून सांगते आहे.

आता आम्ही प्रश्न बदलला आहे. 'नवरा' हा शब्द काढला. 'घरातलं कुणी' असं विचारतो. आणि सोबत आलेल्या आजीलाही विचारतो, तिलाही वेगळं बसवून.

आई, त्या दिवसापासून मला तुझी फार आठवण येते.

आपल्या न्हाणीघराची फरशी माझ्या डोळ्यांसमोर आहे. दादाने दुकानदुकानं पालथी घालून खडबडीत फरशी आणली होती, बाबा पडले तशी तू पडू नयेस म्हणून. स्वतः गुडघ्यावर बसून बसवली. तिच्यावर साबण सांडला तरी पाय सरकत नाही. एवढंच लिहायचं होतं.

दुसरं, तुझ्या मोतीबिंदूचं मी आमच्या डोळ्यांच्या विभागात बोलले. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना लवकर तारीख मिळते. १८ मार्चला तपासणी. दादा, तिला घेऊन ये. तिच्या डोळ्यांची तुलाही काळजी आहे, मला माहीत आहे.

धाकटी


१९ मार्च

वहिनी,

हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावर पहिलंच. पत्ता मी कुठेही लिहून ठेवलेला नाही, पाठ केला आहे; दादाला मी ठाऊक नाही असंच सांगत आले आहे. चिमणीला शाळेत मैत्रीण मिळाली का? तिला सांग, आत्याने पाळण्यात खाऊ लपवला आहे, आली की मिळेल.

काल आई आली होती. दादा घेऊन आला. मी तुला सगळं सांगते, कारण त्यातला एक निरोप तुझ्यासाठी आहे.

आधी माझा शहाणपणा ऐक. आईला पत्र लिहिताना मी काट्याची युक्ती इत्थंभूत सांगून बसले. वाचणार कोण हे माहीत असून. मला वाटलं आईला माझ्या कामाचं कौतुक वाटेल. परिणाम असा की दादा डोळ्यांच्या विभागात आईला अगदी खेटून बसला होता. मी गेले तर हसून म्हणाला, "इथे वजनबिजन काही नाही ना? मी कुठे जाणार नाही, आधीच सांगतो." हसत म्हणाला, पण आईची पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मी मनातल्या मनात स्वतःच्या कानशिलात मारून घेतली. चोराला किल्ली दिली, वर ती कशी फिरवायची तेही लिहून कळवलं.

आईच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते. पडद्यामागच्या बाकावर डोळे मिटून बसायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्याशी ती बोलली नाही. मी तिच्या पायांशी बसले. तिने पाय आत घेतले.  मला वाटलं, संपलं, आता ही परत घरी जाणार.

तेवढ्यात आई डोळे मिटूनच म्हणाली, "अरे, माझी शाल गाडीत राहिली. हा पंखा थेट डोक्यावर आहे. सर्दी झाली तर ऑपरेशन करणार नाहीत म्हणतात." दादा म्हणाला, पंखा बंद करतो. आई म्हणाली, "दुसऱ्या बाया आहेत, त्यांना उकडतं. जा, घेऊन ये." तो माझ्याकडे बघत बघत उठला आणि गेला.

वहिनी, ती शाल आईच्या खाली होती. ती शालीवर बसली होती.

पावलं लांब गेली तशी ती म्हणाली, "विचार आता. गाडी लांब लावली आहे, पण त्याचे पाय लांब आहेत."

म्हणजे पत्र तिनेही ऐकलं होतं. युक्ती त्याने शिकली, तशी तिनेही शिकली.

हा प्रश्न मी किती बायकांना विचारला असेल, काल मला तो येईना. कसाबसा म्हटला. आई, घरी तुला कुणाची भीती वाटते का?

तिने गालावर ओघळलेला थेंब पदराने पुसला. मग म्हणाली, "भीती म्हणजे काय ते तू सांग, तू शिकलेली आहेस. जिन्यात त्याची पावलं वाजली की मी हातातलं भांडं खाली ठेवते. सांडू नये म्हणून. याला भीती म्हणतात का?"

मी हो म्हटलं.

मग तिने सांगितलं. मनगटाचं. तिच्या खोलीच्या दाराची कडी त्याने लाथेने उखडली त्याचं. "वेल्डरचं घर आणि दाराला कडी नाही," असं म्हणून ती हसलीसुद्धा. दुकानात उधारी थकली की, गिऱ्हाईक बोललं की, घरी आल्यावर ते बाहेर पडतं. नंतर तो स्वतःच मलम आणतो, पाय दाबतो, जेवत नाही. तुला हे सगळं माहीत आहे. मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आणि मग हे म्हणाली. शब्द जसेच्या तसे लिहिते: "सून होती तेव्हा मला वाटायचं तिचंच चुकतं. उलट बोलते, मीठ जास्त घालते, उशिरा उठते. ती गेली आणि त्या सगळ्या चुका माझ्या झाल्या. तिला सांग, तिचं काही चुकत नव्हतं."

तो निरोप हा. तू यावर काही उत्तर द्यायला हवंस असं नाही.

मला वाटत होतं तिचा हात धरावा आणि मागच्या दाराने घेऊन जावं. पण आम्ही बायकांना हेच सांगतो की ठरवायचं तुम्ही, आम्ही सोबत आहोत. आपल्या आईच्या वेळी हे म्हणणं किती जड जातं ते काल कळलं. मी म्हटलं, तू म्हणशील तसं करू. ती म्हणाली, "आधी मला नीट दिसू दे. आंधळ्याने काय ठरवायचं? दिसायला लागलं की बघते, आणि मग बोलते."

दादा परत आला. "गाडीत नाही," म्हणाला. आईच्या खांद्यावर शाल होती. त्याने शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. तो बाकाच्या टोकाला जाऊन बसला, आणि या खेपेला मध्ये जागा सोडून बसला.

ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालायचे आहेत. डॉक्टरांनी माझ्याकडेच राहायला सांगितलं आहे. दादाला दुकान सोडता येत नाही, त्यामुळे तो हो म्हणाला. नाइलाजाने, पण म्हणाला.

चिमणीला पापा.

तुझी,
नणंद, पण तुझ्या बाजूची


२८ एप्रिल

अरे,

अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, बोलते आहे मी. आजवर ती लिहायची, तू वाचायचास आणि मी ऐकायची. आज मी सांगते, ती लिहिते, आणि तू एकट्यानेच वाच.

पट्टी निघाली तेव्हा आधी हिचं तोंड दिसलं. म्हटलं, पोरगी किती वाळली. मग आरशात बघितलं आणि डॉक्टरांना म्हटलं, पट्टी परत बांधा. सगळे हसले. आता चष्मा लावून छापलेलं वाचता येतं, हाताचंही वाचता येतं. हिच्या खोलीत सकाळचं ऊन थेट भिंतीवर येतं. मी बसून दुधाच्या पिशवीवरचंसुद्धा वाचते.

थेंब संपले. तू शनिवारी न्यायला येणार, असं कळवलंस. येऊ नकोस. मी आत्ता घरी येणार नाही.

हिने मला शिकवलं असं तुला वाटेल. हिने काही शिकवलं नाही. उलट मी विचारलं की काय करू, तर म्हणते, तू ठरव. मला रागच आला. एवढी शिकवली आणि ऐन वेळी म्हणे तू ठरव. मग बसून ठरवलं.

तू वाईट नाहीस असं मी लोकांना सांगत आले. मावशीला सांगितलं, दुकानातल्यांना सांगितलं, सुनेलाही तेच सांगितलं, आणि ते सांगण्यापायी तिचं ऐकलं नाही. आता सांगत नाही. चांगला की वाईट ते तुझं तू बघ. मला फक्त एवढं माहीत आहे की जिन्यात तुझी पावलं वाजली की मी हातातलं भांडं खाली ठेवते. पोटच्या पोराची चाहूल लागली की आईला आनंद व्हायला पाहिजे. तू शाळेतून यायचास तेव्हा व्हायचा.

तुझे बाबा गेले तेव्हा तू लहान होतास आणि दुकानात उभा राहिलास. मी तुला घरचा कर्ता पुरुष म्हटलं. पोराला पोर म्हणायचं सोडून कर्ता म्हटलं. तुझ्या डोक्यावर ओझं होतं, मला दिसत होतं. पण ओझं वाहतो म्हणून त्याने आपल्या माणसांवर हात टाकावा, असं कुणी सांगितलं नव्हतं. ओझं मीही वाहिलं.

हिच्या दवाखान्यात पुरुषांशी बोलणारे एक गृहस्थ आहेत. दर बुधवारी बसतात. हात उचलणारे पुरुष स्वतः येतात त्यांच्याकडे, मी बाहेरच्या बाकावर बसून बघितले आहेत. तुझ्यासारखेच दिसतात. तू आलास तर मी त्या बाकावर असेन. तिथे लोक असतात, तिथे मला भेट. एकटा भेटू नकोस. हे लिहिताना हिचा हात थांबला, पण मी म्हटलं, लिही.

सुनेला शोधू नकोस. तिला वाटलं तर ती येईल, नाही वाटलं तर नाही. चिमणीचंही तसंच.

आता एक काम सांगते. माझ्या खोलीच्या दाराला कडी बसव. आतून. गावभराची दारं, फाटकं, जाळ्या तू जोडून देतोस, लोक तुझ्या हाताची तारीफ करतात. आईच्या दाराची कडी बसवायला तुला वेळ झाला नाही. नुसती लावून ठेवू नकोस, चांगली पक्की बसव, तुझ्या स्वतःच्या लाथेनेही निघणार नाही अशी. बसली की कळव. मग मी येईन का, ते मी तेव्हा ठरवीन. कडी बसली म्हणजे मी आलेच, असं समजू नकोस. पण बसव.

आता शेवटचं. त्या म्हाताऱ्या आजींची गोष्ट होती ते हिचं पत्र तू मला वाचून दाखवलंस. त्यांच्या मुलाचं आलं तिथे तू थांबलास. उठलास, माठातलं पाणी प्यायलास. मला वाटलं, आता याने पान उलटलं. मला कुठे दिसत होतं? दोन ओळी सोडून पुढे गेला असतास तर मला कधी कळलंही नसतं. फरशीचंही सोडता आलं असतं. पण तू परत येऊन बसलास आणि सगळं वाचलंस. आवाज बदलला होता, पण वाचलंस. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, म्हणजे याला कळतं. याला सगळं कळतं.

त्या एका गोष्टीच्या भरवशावर हे पत्र पाठवते आहे.

खालच्या दोन ओळी माझ्या हाताच्या आहेत. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

मी वाचून बघितलं. हिने मी सांगितलं तेच लिहिलं आहे.
वाचताना अडलास तर थांब, पाणी पी. पण गाळू नकोस.

आई